सायकलला टायर निवडताना

उज्जैनचे नाव काढताच बाहेरगावच्या माणसाच्या डोळ्यांपुढे महाकालेश्वराचे शिखर आणि क्षिप्रेचे घाट उभे राहतात. येथे रोज सायकल चालविणाऱ्यास मात्र या नगरीचा आणखी एक परिचय असतो, तो म्हणजे तिच्या रस्त्यांवरील काटे, खिळे आणि तारा यांचा!

आमची आई जेवणाचे डबे देण्याचा व्यवसाय करते. माझी शाळा दुपारची असल्यामुळे सकाळचे डबे मी पोहोचवितो, सायंकाळचे दादा. फ्रीगंजातून निघावे, रेल्वेचा पूल चढून जुन्या शहरात उतरावे आणि रामघाटापर्यंत जावे, असा आमचा मार्ग. त्या मार्गावर एक वृद्ध आजोबा एकटेच राहतात. ते मधुमेही असून जेवणापूर्वी इन्सुलिन टोचून घेतात. इन्सुलिन घेतल्यावर जेवणास उशीर झाला, तर रक्तातील साखर उतरून माणूस बेशुद्धही होऊ शकतो. म्हणून पंक्चर ही आमच्या घरी थट्टेची बाब नव्हे. गतवर्षी सायकलचे दोन्ही टायर झिजले, तेव्हा नवे कोणते घ्यावेत, याचा विचार आम्ही सर्वांनी मिळून केला.

पंक्चर नकोच असेल तर हवाच कशाला हवी, असे प्रथम मनात येते. पूर्वी सायकलींना भरीव रबराचेच टायर असत. हवेच्या टायरचे पेटंट रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ सालीच घेतले होते. परंतु ते विस्मृतीत गेले. पुढे १८८८ च्या सुमारास बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तशीच युक्ती योजिली आणि ती जगभर पसरली. हवेमुळे धक्के कमी झाले, चाल हलकी झाली. त्या सुखाची किंमत म्हणून पंक्चर आले. भरीव टायर आजही मिळतात, पण खड्ड्यांच्या रस्त्यावर त्यांवरून वरणाचा डबा नेऊन पाहावा!

तेव्हा प्रश्न उरला तो हवेच्या टायरांतून निवड करण्याचा. त्यासाठी आपला शत्रू कोण, हे आधी ओळखले पाहिजे. आमच्या टायरांतून निघालेल्या वस्तू दादाने एका डबीत साठवून ठेविल्या होत्या. त्यांत बाभळीचे काटे होते आणि सराटे तर पुष्कळच होते. सराटा म्हणजे वैद्यांचा गोक्षुर. दशमुळांत त्याला मानाचे स्थान आहे. पण तो कसाही पडला तरी त्याचा एखादा काटा वर राहतोच. पावसाळा सरून वेल वाळले की कार्तिकात त्याचा उपद्रव वाढतो. खिळे थोडे होते. सर्वांत फसव्या निघाल्या त्या बारीक पोलादी तारा. ट्रकांचे टायर फुटले म्हणजे त्या रस्त्यावर पसरतात आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यागणिक थोड्याथोड्या आत शिरतात.

यांवर उपाय अनेक आहेत. काही टायरांचे रबरच जाड असते. काहींत रबराखाली नायलॉनचा घट्ट थर असतो, तर काहींत केव्हलारचा. हा धागा स्टेफनी क्वोलेक या विदुषीने १९६५ साली शोधून काढला. ट्यूबमध्ये भरण्याचा एक चिकट द्रवही मिळतो. तो लहान छिद्रे बुजवितो, पण काही महिन्यांनी वाळतो. मात्र कोणतेही संरक्षण फुकट मिळत नाही. टायर जाड झाला की जड होतो, आणि चाकाखाली दबताना त्याचे रबर आपल्या पायांचे बळ खाते. भरलेले डबे घेऊन पूल चढताना हे चांगलेच जाणवते.

मापाची गोष्टही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आपल्या काळ्या सायकलीचा टायर २८ इंची, दीड इंच रुंदीचा. त्याच्या बैठकीचा व्यास ६३५ मिलिमीटर. बऱ्याच परदेशी टायरांवरही २८ इंच असेच छापलेले असते. परंतु त्यांचा व्यास ६२२ मिलिमीटर असल्याने ते आपल्या चाकावर बसत नाहीत. म्हणून इंचांवर न विसंबता मिलिमीटरचा आकडा वाचावा.

अखेर आईने निर्णय दिला. मागच्या चाकावर भार अधिक, म्हणून पंक्चरही त्यालाच अधिक. तेव्हा मागे नायलॉनच्या थराचा जाड देशी टायर घ्यावा आणि पुढे साधाच. पैसे वाचले आणि सायकलही फार जड झाली नाही. त्यानंतर मागचे चाक एकदाच बसले, तेही तारेमुळे. परंतु आईने टायरवर सर्व भिस्त ठेविली नव्हती. आजोबांच्या डॉक्टरांना विचारून तिने आधीच ठरवून टाकले होते, की डबा हाती आल्यावाचून आजोबांनी सुई घ्यावयाची नाही. त्या दिवशी मी चाळीस मिनिटे उशिरा पोहोचलो. आजोबा दारात वर्तमानपत्र वाचीत बसले होते.

आमच्या चौकातील पंक्चर काढणारे उस्ताद दोन नियम सांगतात, ते येथे देतो. टायरच्या कडेवर छापलेल्या दाबाइतकी हवा दर आठवड्यास भरावी; हवा कमी असली की खड्ड्यात रिमखाली ट्यूब चिमटली जाते. आणि पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवावा. काटा राहिला असेल तर कापूस तेथेच अडकतो.