पेटीतला बल्ब

डोंबिवली पूर्वेला आमच्या चाळीमागे विहीर होती आणि विहिरीवर पंपाची पत्र्याची पेटी. पहिली सर पडली की बाबा त्या पेटीत 40 वॅटचा पिवळा बल्ब लावायचे. गणपती उरकेपर्यंत तो दिवसरात्र जळायचा. शेजारच्या काकू म्हणायच्या, “भावजी, बंद पेटीत उजेड कुणासाठी?” बाबा वागळे इस्टेटमध्ये पॅनल वायरमन. “उजेडासाठी नाही वहिनी, उबेसाठी,” एवढंच सांगायचे.

मला वाटायचं, पेटीत पाणी शिरतं ते पावसाचं. ते हवेतूनच येतं, हे पुढे स्वतः पॅनल जोडायला लागल्यावर कळलं. जुलैत 28 अंश तापमान आणि 90 टक्के आर्द्रता असली तर पत्रा 26 अंशांपर्यंत उतरला की पुरे, त्याला आतून घाम फुटतो. थेंब कॉन्टॅक्टरवर ठिबकतात, तांबं हिरवं पडतं, टर्मिनलवर चटचट सुरू होते. आतली हवा पाच अंशांनी उबदार ठेवली, तर तीच आर्द्रता 70 च्या खाली येते. बाबांनी हे गणित कधी मांडलं नाही, पण बल्ब अचूक निवडला होता.

शिवाय सिलिका जेलची पुरचुंडी असायची. निळे खडे गुलाबी झाले की बाबा ते जुन्या पत्र्याच्या डब्यात भाजायचे. स्वयंपाकाचा तवा आई देत नसे, आणि बरोबरच होतं तिचं. त्या निळ्या रंगात विषारी कोबाल्ट असतं. आता नारंगीचे हिरवे होणारे खडे मिळतात.

चाळीच्या जागी आता सात मजली सोसायटी आहे. पेटी फायबरची, रबरी गॅसकेटची. वीज वाचवायला कुणीतरी बल्ब काढून 9 वॅटचा एलईडी लावला. उजेड वाढला, ऊब गेली. ऑगस्टमध्ये पंप सारखा ट्रिप होऊ लागला, तेव्हा हरएक फट सिलिकॉनने बुजवली गेली. मला हे बघवेना. पेटी श्वास घेते: तापली की हवा सोडते, निवली की ओढते. कितीही बुजवा, केबलच्या पाइपातून जमिनीतली दमट हवा वर येतेच, आणि आत साचलेल्या पाण्याला मग वाटच उरत नाही.

मेन बंद करून मी पाइपाचं तोंड पुट्टीने भरलं, तळाशी पाणी सोडणारा ब्रीदर बसवला आणि छोटा हीटर लावला. आर्द्रता 65 च्या वर गेली की तो आपोआप चालू होतो.

रात्रभर पाऊस झाला की सकाळी मेन पाडून मी झाकण उघडतो आणि आतून तळवा फिरवतो. बाबा तसंच करायचे. यंदा श्रावण संपत आला, तळवा अजून कोरडा आहे.