समुद्र, चौदा हजार फुटांवर

स्पिती म्हणजे बाइक, मॅगी आणि फोटो, असं वाटत असेल तर काझाच्या वर लांग्झा गावात जरा थांबा. उंची सुमारे ४,४०० मीटर. झाड औषधालाही नाही, चार पावलं टाकली की धाप लागते. आणि हा म्हणे समुद्राचा तळ! टेथिस समुद्राचा. साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड आशियाला धडकला, तळाचा गाळ घड्या पडत वर आला. पुढे हिमालय इतका वाढला, की मान्सूनचे ढग अलीकडेच अडकायला लागले. म्हणून हे थंड वाळवंट. समुद्राच्याच तळाला पाणी नाही, घ्या!

इथल्या काळ्या खडकात अ‍ॅमोनाइटचे जीवाश्म सापडतात, शंखासारखे वळीदार. आजीच्या देवघरातला गंडकीचा शाळिग्राम याच कुळातला, त्यामुळे ओळख लगेच पटली. एका पोरानं खिशातून काढून हातावर ठेवला. "भैया, सौ रुपया." जड, थंडगार. जवळपास १५ कोटी वर्षं जुना, आणि माझ्या शोकेसमध्ये धूळ खाणार. परत दिला. आपण सगळ्यांनीच एकेक नेला तर उरणार काय?

पोराला हे अजिबात पटलं नाही.

"फिर फोटो ले लो. बीस रुपया."

घेतला.