कॉफीतले दूध आणि मोखाड्याचा पाऊस

कॉफीत दूध किंवा साय घातली की रंग उजळतो, कडूपणा मवाळ होतो आणि घोट भरीव लागतो. कॉफीतली काही तुरट द्रव्ये दुधातल्या केसीन या प्रथिनाला चिकटतात, म्हणून ती जिभेला कमी जाणवतात. दाटपणा येतो तो स्निग्धांशामुळे. गाईच्या दुधात तो साधारण साडेतीन ते साडेचार टक्के असतो, म्हशीच्या दुधात सहा ते आठ. मराठी घरांतली कॉफी तर बहुधा निव्वळ दुधातच उकळतात आणि वर जायफळ किसतात. तीत कॉफी ही पाहुणी असते, घर दुधाचे.

जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत मात्र दूध हेच पाहुणे. जव्हार गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटरवर. पाऊस दणकून पडतो. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांचा हा मुलूख. पिके भात, नागली, वरई. इथली डांगी गुरे याच हवेसाठी घडलेली आहेत. कातडीवर तेलकट स्राव असल्याने ती मुसळधार पावसातही चिखलणीला टिकतात. दुधाला मात्र ही जात बेताचीच, आणि जे निघते त्यावर पहिला हक्क वासराचा. त्यामुळे पाड्यावर रोजचे पेय म्हणजे कोरा चहा, जमल्यास गवती चहाची पात टाकून.

प्रस्तुत लेखकाचा मुक्काम ऐन श्रावणात मोखाड्याकडच्या एका पाड्यावर होता. कॉफीची पूड त्याने सोबत नेली होती. यजमानांनी ती कोऱ्या चहासारखीच केली: पाणी, भरपूर साखर, पूड. वाईट लागली नाही. पण पाहुण्याला कोरे द्यायचे हे घरच्या बाईंना रुचेना, म्हणून बाजारातून पिशवीचे दूध आले. रात्री वीज गेली, आणि सकाळी तेच दूध गरम कॉफीत पडताच फाटले.

नासके म्हणून ते कोणी ओळखले नव्हते, कारण वास आलेला नव्हता. ताज्या दुधाचा सामू ६.६ ते ६.७ असतो आणि कॉफीचा ५ च्या आसपास. केसीन ४.६ ला साकळते. उष्णतेने मात्र ही मर्यादा वर सरकते, त्यामुळे किंचित आंबू लागलेले दूध पातेल्यात शाबूत दिसते आणि कॉफीत गुठळ्या धरते. सायीत प्रथिन कमी नि स्निग्धांश जास्त, म्हणून ताजी साय सहसा अशी दगा देत नाही. ती फार तर तेलकट तवंग धरते.

मग दुधाची पूड आली. ती थेट उकळत्या कॉफीत टाकली की गोळे होतात. कोमट पाण्यात आधी कालवली, वजनाने एका भागाला सात-आठ भाग पाणी, तर दूध एकजीव होते. कॉफीसाठी पाणी त्याहून कमी घेतले तरी चालते, उलट दाटपणा येतो. शेवटच्या दिवशी शेजारच्या व्यालेल्या डांगी गाईचे वाटीभर दूध मिळाले. मुक्कामातली सर्वांत चांगली कॉफी त्याचीच झाली, हे खरे. पण ते वासराच्या वाट्यातले होते.

पावसाळ्यात या भागात मुक्कामाला जाणाऱ्या कॉफीबाजाने यजमानांना दुधासाठी बाजार गाठायला लावू नये. दुधाच्या पुडीचा डबा आपणच न्यावा.