जिनसेंगची डबी उघडण्यापूर्वी

सुट्टीत परदेशातून मुले घरी येऊन गेली की कळंबोलीतील माझ्या दवाखान्यात जिनसेंगची डबी हमखास दिसते. ‘आईबाबांना शक्ती यावी’ म्हणून ती प्रेमाने आणलेली असते. ‘घेऊ का?’ असे आधी विचारणारे थोडे. दोन महिने घेऊन झाल्यावर सहज सांगणारे पुष्कळ.

जिनसेंग ही ‘पॅनॅक्स’ वंशातील वनस्पतीची मुळी. या नावामागील ग्रीक शब्दाचा अर्थच ‘सर्व रोगांवरील उपाय’. चीन आणि कोरियात तिला शतकानुशतके मान आहे. अमेरिकन जिनसेंग ही तिची बहीण. युरोपातील आयव्हीची वेल आणि आपल्या गॅलरीतील कुंडीत दिसणारे अंब्रेला प्लँट हीही याच कुळातील. मात्र ‘भारतीय जिनसेंग’ म्हणून विकली जाणारी अश्वगंधा या कुळातील नव्हे. ती वांगी-टोमॅटोच्या कुळातील. तिने काहींना गुंगी येते, थायरॉइडच्या तपासणीतील आकडे बदलू शकतात. तेव्हा नावावर जाऊ नये.

हृदयाची कृत्रिम झडप बसवलेले एक आजोबा माझ्याकडे येतात. रक्त गोठू नये म्हणून त्यांना वॉर्फरिन चालू आहे. एकदा त्यांचा आयएनआर २.८ वरून १.६ वर उतरला. गोळी चुकलेली नव्हती, आहारही तोच होता. सूनबाईंनी घरातील सगळी औषधे पिशवीत घालून आणली, तेव्हा अमेरिकन जिनसेंगची डबी सापडली. ती बंद केल्यावर काही आठवड्यांत आकडा पूर्वपदावर आला. दरम्यान झडपेवर गुठळी झाली असती, तर पक्षाघात ओढवला असता. अमेरिकन जिनसेंगने वॉर्फरिनचा परिणाम घटतो, हे २००४ साली निरोगी स्वयंसेवकांवरील चाचणीतही दिसले आहे.

मधुमेहींनी आणखी सावध राहावे. जिनसेंगमुळे साखर उतरू शकते. इन्सुलिन वा गोळ्यांच्या जोडीने ती प्रमाणाबाहेर उतरली, तर वृद्धांना घाम, थरथर, भोवळ येते आणि पडून हाड मोडते. काहींची झोपही उडते. ठरलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी किमान ७ दिवस जिनसेंग बंद ठेवावे.

आयव्हीच्या पानांचा अर्क खोकल्याच्या औषधांत असतो. कफ सुटण्यास तो काहींना साहाय्य करतो. पोट मात्र बिघडू शकते. २ वर्षांखालील नातवंडांना तो देऊ नये. महामार्गाच्या आणि लोखंड बाजाराच्या धुळीत राहणाऱ्या आपल्याला खोकला नवा नाही. म्हणूनच तो अंगवळणी पडतो. २ आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास बाटली बदलत न बसता थुंकीची तपासणी करून घ्यावी. अंब्रेला प्लँटची पाने चावल्यास तोंडाची आग होते. रांगत्या बाळापासून कुंडी उंचावर ठेवावी.

घरातील वृद्धांची काळजी घेणाऱ्यांनो, एका कागदावर सर्व गोळ्या, काढे, चूर्णे, डब्या लिहून ठेवा. दवाखान्यात येताना तो कागद आणि नवी डबी दोन्ही आणा. डॉक्टरांना न विचारता जिनसेंग सुरू करू नका, आणि डबीच्या भरवशावर चालू असलेली गोळी तर मुळीच थांबवू नका. आजीआजोबांनो, थकवा वाटत असेल तर आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि बी-१२ तपासून घ्या. कारण सापडले, की पुष्कळदा डबीची गरजच उरत नाही.