जुन्या मोटरसायकलींचं इंधन

राजदूत, येझदी, जुनी बुलेट या गाड्या इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी घडल्या. आज पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल (ई-२०) मिळतं, तेव्हा पर्याय शोधणारे अनेक जण ऑक्टेनचा आकडा पाहतात. माझ्या मते विचार तिथेच चुकतो. या इंजिनांचं कॉम्प्रेशन मुळातच कमी, त्यांना जादा ऑक्टेनचा फारसा उपयोग नाही. पाहायचं ते इथेनॉलचं प्रमाण आणि गाडी किती काळ उभी राहते हे. इथेनॉल हवेतलं बाष्प शोषतं. पाणी वाढलं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात आणि पत्रा गंजू लागतो. जुने रबरी पाइप, सील फुगतात. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यानं कार्ब्युरेटरचं मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं, आणि इंजिन तापतं.

नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यानुसार ई-२०मुळे दुचाकींचं मायलेज ३ ते ४ टक्केच घटतं, असं कुणी म्हणेल. पण तो अंदाज ई-१०ला जुळवलेल्या दुचाकींचा आहे. या गाड्या तेवढ्याही जुळवलेल्या नाहीत. शिवाय मायलेज म्हणजे आयुष्य नव्हे. रोज धावणारी गाडी सील बदलून, कार्ब्युरेटरला मोठा जेट बसवून ई-२०वर चालवता येईल. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत मात्र ते ठेवू नये. इथेनॉलमुळे ऊसकरी शेतकऱ्याला आधार मिळतो, तेलाची आयात घटते, हे मला मान्यच आहे. पण ब्रिटननं २०२१ मध्ये ई-१० आणताना जुन्या वाहनांसाठी सुपर पेट्रोलमध्ये ई-५ राखलं. धोरण न सोडता तशी सोय आपल्याकडेही व्हायलाच हवी.