कानात प्राण आणून

दारू पिणाऱ्या बापाच्या लेकरांचे कान फार तिखट असतात. मोटरसायकल गल्लीच्या तोंडाशी वळली की गिअर कसा पडला यावरून त्यांना कळतं. स्टँड एका दणक्यात लागलं की दोनदा घसरलं, चपला उंबऱ्याबाहेर निघाल्या की पायातच राहिल्या, कडी वाजली की दार नुसतंच ढकललं गेलं, एवढ्यावर पुढची रात्र कशी जाणार ते ती ओळखतात. धाकट्याला उचलून माजघरात न्यायचं का, वही मिटायची की अभ्यास चाललाय असं दाखवायचं, ताट वाढायचं की झाकून ठेवायचं, हे सारं फाटक आणि दार यांच्या मधल्या चार पावलांत ठरतं.

मी हे कोडोलीत, आमच्याच घरात शिकले. आप्पा ट्रॅक्टरवर होते. दिवाळी सरून वारणाकाठचा ऊस तुटायला लागला की आमचे दिवसरात्र उलटेपालटे व्हायचे. दोन ट्रॉल्या भरून लांबच्या कुठल्या तरी कारखान्याच्या तळावर नंबर लावायचा आणि वजनकाटा मिळेपर्यंत थंडीत उघड्यावर बसून राहायचं. शेकोटीभोवती बाटली फिरायची ती तिथंच. आप्पा वाईट होते असं मला लिहायचं नाही. न प्यालेल्या दिवशी ते गुऱ्हाळावरून किटलीत गरम काकवी आणायचे आणि पहिली वाटी मला द्यायचे. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर खांद्यावर बसवून सासनकाठ्या दाखवायचे. घरी येईपर्यंत आम्ही दोघं गुलालानं सारखेच लाल झालेले असायचो. त्याच हातांनी एका रात्री त्यांनी पिठाची परात भिंतीवर भिरकावली. लेकराला सोसत नाही ते हेच. माणूस परका असता तर नुसती भीती वाटली असती. इथं भीती आणि माया, दोघी एकाच माणसाची वाट बघत जाग्या राहतात.

गावाला पिणारा माणूस दिसतो. स्टँडवर पडलेला, पारावर बरळणारा, वरातीत सगळ्यांच्या पुढं नाचणारा. त्याची बायकोही दिसते; तिच्याबद्दल हळहळतात आणि ‘तिचंच तोंड सुटलेलं हाय’ असंही बोलतात. लेकरं मात्र दिसत नाहीत, कारण ती फार शहाणी असतात. ‘पोरगी काय शहाणी हो तुमची!’ हे ऐकत मी वाढले. हट्ट नाही, रडणं नाही, ताप आला तरी सांगणं नाही, वर्गात पहिला-दुसरा नंबर ठरलेला. आज एखादी अशी अतिशहाणी पोर समोर आली की कौतुकाआधी मला काळजी वाटते. एवढ्या लवकर शहाणं व्हायची पाळी हिच्यावर का आली असेल? दुसऱ्या तऱ्हेचीही लेकरं असतात, मारामाऱ्या करणारी, बाक फोडणारी. त्यांना छडी मिळते, आणि घरातलं दुखणं घरातच राहतं.

दिल्लीच्या एम्सनं केंद्र सरकारसाठी केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. देशात सुमारे १६ कोटी लोक दारू घेतात, आणि ५ कोटी ७० लाखांहून अधिक लोकांना त्या पिण्यापायी मदतीची गरज आहे, असं त्यात म्हटलं आहे. तो आकडा वाचताना मी मनात गुणाकार करत गेले. एकेका माणसामागं बायको, दोन लेकरं, एखादी म्हातारी आई. किती कान संध्याकाळी दाराकडं लागत असतील!

घरातल्या इतरांनाही उपचार लागतो, ही गोष्ट महाराष्ट्रात ज्यांनी मनावर घेतली त्यांत मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राचं नाव आधी येतं. अनिल अवचटांचे गर्द या अमली पदार्थावरचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी पैशाचं पाठबळ दिलं, आणि २९ ऑगस्ट १९८६ ला पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचट यांनी काम सुरू केलं. पिणाऱ्यांच्या बायकांसाठी तिथं ‘सहचरी’ नावाचा गट चालतो. तिकडं अमेरिकेतही बायकांनाच हे आधी उमगलं होतं. दारू सोडू पाहणाऱ्यांची अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटना १९३५ सालची. तिच्या एका संस्थापकाची बायको लोइस हिनं १९५१ मध्ये घरच्यांसाठी अल-अनॉन उभी केली. नवऱ्यांची बैठक चालू असताना बायका स्वयंपाकघरात किंवा बाहेर गाडीत थांबायच्या, आणि थांबता थांबता एकमेकींशी बोलायला लागल्या. मुलांचे वेगळे गट आणखी सहा वर्षांनी आले. मुलांचा नंबर सगळीकडं असाच शेवटी लागतो.

आपल्याकडं मुलांसाठी ‘मित्र उपक्रम’ म्हणून शासनानं शाळाशाळांतून आनापान हे श्वासाचं ध्यान सुरू केलं आहे. मुलं रोज थोडा वेळ डोळे मिटून येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडं बघत बसतात. एका शाळेत तो तास चालू असताना मी मागच्या भिंतीशी उभी होते. सगळा वर्ग शांत, आणि एक मुलगा सारखे डोळे उघडून दाराकडं बघतोय. बाईंनी त्याला दोनदा टोकलं. मला त्याचं घर माहीत होतं. आई रात्रपाळीला, धाकटी बहीण चार वर्षांची, बाप कधी येईल आणि कसा येईल याचा नेम नाही. घरात नजर ठेवणारा तो एकटाच. डोळे मिटणं म्हणजे त्याच्या लेखी पहारा सोडणं होतं.

तेव्हापासून माझं ठाम मत झालं आहे की या मुलांना लक्ष द्यायला शिकवावं लागत नाही. त्यांच्याइतकं लक्ष तपाला बसलेल्या माणसालाही साधत नसेल. पण ते सगळंच्या सगळं दुसऱ्याला वाहिलेलं असतं. त्याच्या पावलांना, आवाजाला, तोंडाच्या वासाला. स्वतःचं पोट दुखतंय का, भूक लागलीय का, झोप येतेय का, हे विचारलं तर ती गोंधळतात. मला कॉलेजात मैत्रिणीनं ‘तुला काय खायचंय?’ असं विचारलं आणि उत्तर सापडेना, तेव्हा मी तिचा चेहरा न्याहाळत बसले होते, तिला काय आवडेल ते ओळखायला. सजगतेनं इथं करायचं काम म्हणजे ते लक्ष हळूहळू माघारी आणणं, स्वतःच्या तळपायांपर्यंत, स्वतःच्या श्वासापर्यंत.

आम्ही तिघी बायका दर गुरुवारी संध्याकाळी काही मुलांना एका खोलीत जमवतो. बोलावतो अभ्यासाला, कारण ‘दारुड्याची पोरं’ हा शिक्का त्यांच्या कपाळी आणखी एकदा मारायचा नाही. डोळे मिटायला कोणालाच सांगत नाही. पाठ भिंतीला, दार समोर दिसेल असं बसायचं. गूळ-शेंगदाण्याचा एकेक घास तोंडात विरेपर्यंत काही बोलायचं नाही. मग ऐकण्याचा खेळ. सगळ्यांत लांबचा आवाज कोणता? यात आमची मुलं कोणाला हार जाणार नाहीत. उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी, वारणानगरच्या बाजूनं येणारा भोंगा, तिसऱ्या गल्लीतलं कुत्रं, सगळं त्यांना ऐकू येतं. मग त्याहून जवळचा आवाज. मग त्याहून जवळचा. शेवटी एखादी पोर म्हणते, ‘काकू, माझं नाक वाजतंय.’ तिथं आम्ही थांबतो. कुठं काय होतंय तेही सांगायचं असतं, आणि मुलं सांगतात. ‘पोटात गोळा आलाय.’ ‘हात गार पडल्यात.’ एकानं सांगितलं, ‘पप्पा बोलायला लागलं की माझं कान गरम हुत्यात.’ हे मी त्या वयात कोणाला सांगू शकले असते तर!

यातलं पुष्कळ आपल्याच मातीतलं आहे आणि फार लांबची वारी करून परत आलं आहे. गोएंका गुरुजींनी १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरी हे विपश्यनेचं केंद्र उभं केलं. आपल्या जवळ हातकणंगले तालुक्यात, आळत्याला, धम्मालय आहे. हीच विपश्यना १९९७ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलच्या एका तुरुंगात शिकवली गेली. ॲलन मार्लट आणि सारा बोवेन या संशोधकांनी तिथून सुटलेल्या लोकांची विचारपूस केली, तेव्हा शिबिर केलेल्यांचं दारूचं आणि ड्रग्जचं प्रमाण तीन महिन्यांनंतर इतरांपेक्षा कमी भरलं. पुढं त्यांनी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रमच बांधला. त्यातली एक गोष्ट मला फार उपयोगाची वाटते. तलफ लाटेसारखी चढते, टोकाला जाते आणि ओसरते. तिच्याशी झुंजू नये, तिच्यामागं पळूही नये, ती उतरेपर्यंत तिला बघत राहावं.

आमच्याकडं दारू सोडायचा जुना मार्ग म्हणजे माळ. पंढरपूरला जायचं, तुळशीची माळ घालायची, रोज हरिपाठाला बसायचं. त्यानं सुधारलेली माणसं मी डोळ्यांनी पाहिली आहेत आणि त्यांच्यापुढं हात जोडते. आप्पांनीही घातली होती. माळ खुंटीला अडकवून बाहेर पडलेलेही मी पाहिलेत. पण ज्यांची टिकली, त्यांच्या घरातली गोष्ट कोणी बोलत नाही. आप्पांनी माळ घातली त्या वर्षी ते टाळ वाजवून वेळेवर घरी यायचे, आणि तरी आई त्यांच्या जवळून जाताना श्वास ओढून वास घ्यायची. मी तरी उंबऱ्यावरच्या चपला ऐकायचीच. बाटली सुटली तरी घर लगेच सैलावत नाही. ते कान खाली उतरायला वर्षं लागतात, आणि त्यासाठीही कोणी तरी सोबत करायला हवं असतं.

आयांबद्दल लिहिणं जड जातं. बापाच्या दारूचा राग आईच्या हातून लेकराच्या पाठीवर पडतो, हे घराघरांत घडतं आणि त्याचा उच्चार कुठंच होत नाही. आई खिसे तपासते, सांडलेल्या दुधासाठी पोरीला बडवते, मग रात्री तिच्याच केसांत हात घालून रडते. ऑस्ट्रेलियात शॅरन डॉ आणि पॉल हार्नेट यांनी व्यसनातल्या आईबापांसाठी एक कार्यक्रम उभा केला. तो घरी जाऊन चालतो, आणि मुलांना शिस्त कशी लावावी यापाशी सुरू होत नाही. आधी आईबापांच्या स्वतःच्या मनात उसळतं ते ओळखायचं, त्यात थोडा वेळ थांबायचं, मग मुलाकडं वळायचं. अफूजन्य व्यसनावर मेथाडोनचे उपचार घेणाऱ्या आईबापांत, त्यांच्या हातून मुलांना इजा होण्याचा धोका यानं कमी झाला, असं त्यांनी २००७ मध्ये मांडलं. आमच्या आयांना मी त्यातलं एवढंच सांगते: हात उगारला तर उगारू दे, पण खाली यायच्या आधी तळपाय जमिनीला टेकलेत का ते बघ. आणि नवरा पिऊन आलाय त्या रात्री भांडण नको, हिशोब सकाळी. एक जण म्हणाली, ‘बाई, आधी मी जेवते आता. त्यांची वाट बघत उपाशी बसत न्हाई.’ मला यात फार मोठी गोष्ट दिसली.

पण मार चालू असलेल्या घरात श्वासाकडं बघ असं सांगणं पाप आहे. तिथं आधी दार उघडून बाहेर पडायचं, शेजारी जायचं, ११२ ला फोन करायचा. मुलांसाठी १०९८ आहे, बायकांसाठी १८१. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्या माणसाला घरात कोंडून एकदम सोडायला लावणंही धोक्याचं. झटके येतात, भ्रम होतो, जीव जाऊ शकतो. त्याला डॉक्टरच लागतो. व्यसनासाठी १४४४६ आणि मनाच्या दुखण्यासाठी टेलि-मानसचा १४४१६, हे दोन आकडे आम्ही मुलांच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलेत. ध्यानाला बसवून बाप सुधारेल असं मी कोणत्याही लेकराला सांगत नाही. तो सुधारला नाही, तर लेकरू ती आपलीच चूक समजेल.

आता हंगाम ऐन भरात आहे. नियमानं ऊस गेल्यापासून १४ दिवसांत बिल मिळायला हवं. ते पुढंमागं होतं, पण जमा झालं की त्या रात्री कोणत्या घरात काय होणार हे आम्हाला ठाऊक असतं. म्हणून यंदा आम्ही ठरवलंय, बिलं पडतील त्या आठवड्यात खोली रोज रात्री दहापर्यंत उघडी. मोठ्या कुकरात आमटी-भात. शेजारच्या दोन म्हाताऱ्यांनी आपल्या घरी मुलींना झोपायला घ्यायचं कबूल केलंय, आणि ज्या मुलींची दप्तरं घरात अडकतात त्यांची दुसरी पुस्तकं आम्ही कपाटात आणून ठेवलीत. परवा एका पोरीनं विचारलं, ‘भावाला बी आणू का?’ आण म्हटलं. त्याला भात मऊ लागतो, हे तिनं जाता जाता सांगितलं. आम्ही तिला विचारलं, तुला कसा लागतो? ती बराच वेळ विचार करत उभी राहिली आणि म्हणाली, ‘मोकळा. वर तूप.’