न दिसणाऱ्या गोष्टीचा खरा फोटो

खारघरमध्ये राहून तेजोमेघांचे फोटो काढतो असं सांगितलं की लोकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला लगेच येतो, "इथून? इथून दिसतं तरी काय?" दुसरा फोटो बघितल्यावर, जरा आवाज खाली करून, "रंग खरे आहेत की फोटोशॉप?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर निव्वळ इंजिनियरिंगचं आहे, ते देऊन टाकतो. दुसरा प्रश्न मात्र मला जास्त महत्त्वाचा वाटतो आणि आजचा लेख खरं तर त्यासाठीच आहे.

तर आधी पहिला. आकाश किती काळं आहे हे मोजायला हौशी लोक बॉर्टल स्केल वापरतात. जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये ही १ ते ९ अशी पट्टी मांडली. १ म्हणजे आकाशगंगेची सावली पडेल इतका अंधार, ९ म्हणजे मोठ्या शहराचा मध्यभाग. आमची गच्ची ८ आणि ९ च्या मध्ये कुठेतरी. मृगाचे ठळक तारे, व्याध, गुरू, शनी... झालं, यादी संपली. आता मृगाच्या पूर्वेला, शृंगाश्व तारकासमूहात, रोझेट नावाचा एक तेजोमेघ आहे. अंतर सुमारे ५,००० प्रकाशवर्षं, आणि आकाशातला आकार पौर्णिमेच्या चंद्राच्या दुपटीहून मोठा. म्हणजे वस्तू लहान म्हणून दिसत नाही असं नाही. ती अंधूक आहे, आणि तिच्यासमोर आपण दिव्यांचा पडदा लावून ठेवलाय.

पडद्यातून बघायची युक्ती अशी. तेजोमेघातला हायड्रोजन वाटेल तसा प्रकाश देत नाही. तो प्रामुख्याने ६५६.३ नॅनोमीटरला लाल चमकतो (एच-अल्फा), आणि दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन ५००.७ ला हिरवट निळा (ओ-थ्री). आमच्या गच्चीवर येणारा उजेड मात्र सगळीकडे पसरलेला. पूर्वी रस्त्यावर सोडियमचे पिवळे दिवे होते, त्यांचा प्रकाश ५८९ च्या आसपास एकवटलेला असायचा, तेवढाच गाळणारा स्वस्त फिल्टर मिळायचा. २०१५ पासून देशभर एलईडी लावायची मोहीम सुरू झाली आणि तो फिल्टर जवळपास निकामी झाला, कारण पांढरा एलईडी सगळ्या रंगांत थोडा थोडा असतो. मग उलटा विचार करायचा. नको ते गाळण्यापेक्षा हवं तेवढंच आत घ्यायचं. दृश्य प्रकाशाचा पट्टा ढोबळमानाने ३०० नॅनोमीटर रुंद धरला आणि फिल्टर फक्त ७ नॅनोमीटरचा लावला, तर पसरलेला उजेड चाळिसाव्या हिश्श्यावर येतो आणि तेजोमेघाची रेषा मात्र जवळजवळ पूर्ण आत येते. फायरवॉलच म्हणा ना, डिफॉल्ट डिनाय आणि एकच पोर्ट उघडा :-)

तरीही एका फोटोत काही दिसत नाही. समजा पाच मिनिटांच्या एका फ्रेममध्ये एका पिक्सेलला शहराच्या उजेडाचे १०० इलेक्ट्रॉन मिळाले आणि तेजोमेघाचे ५. ते १०० नेहमी १०० च नसतात, कधी ९१, कधी १०८. हा चढउतार साधारण वर्गमुळाइतका, म्हणजे १० चा. पाच त्यात बुडून जातात. पण अशा १०० फ्रेम्स जमवून बेरीज केली की तेजोमेघाचे होतात ५००, आणि चढउतार फक्त १०० च्या आसपास. पाचपट! या छंदाचं सगळं गणित एवढंच आहे. सिग्नल फ्रेम्सच्या संख्येइतका वाढतो, गोंगाट तिच्या वर्गमुळाइतका. म्हणून दुप्पट चांगला फोटो हवा तर चौपट वेळ द्यायचा. १०० फ्रेम्स म्हणजे ८ तास २० मिनिटं, आणि हे एकाच फिल्टरचं झालं.

वेळ द्यायचा म्हटलं की अडचणी सुरू होतात. जून ते सप्टेंबर दुकान बंद. थंडीत आकाश उघडं असतं, तर धुरकं. चंद्र असेल तर एच-अल्फा कसाबसा चालतो, ओ-थ्री नाही. पृथ्वी फिरते ती सेकंदाला १५ विकला. माझ्या ८० मिलिमीटरच्या दुर्बिणीवर एक पिक्सेल सुमारे १.६ विकलांचा, म्हणजे मोटर नसेल तर तारा एका सेकंदात नऊ पिक्सेल पुढे सरकतो. ही मोटर ज्या माउंटमध्ये असते त्याचा अक्ष ध्रुवाकडे नेमका रोखावा लागतो. पुस्तकात लिहिलंय, ध्रुवतारा बघा आणि जुळवा. आपला अक्षांश १९, त्यामुळे ध्रुव क्षितिजापासून फक्त १९ अंशांवर, आणि आमच्या उत्तरेला बरोब्बर त्या उंचीवर शेजारचा टॉवर. शेवटी सॉफ्टवेअर मदतीला येतं. आकाशाच्या तीन वेगळ्या दिशांचे फोटो घेऊन ते ताऱ्यांच्या नकाशाशी जुळवतं आणि अक्ष किती चुकलाय ते सांगतं. ध्रुव न बघता ध्रुव सापडतो. गच्चीची किल्ली मात्र अजून वॉचमनकाकांकडूनच घ्यावी लागते, त्याला अल्गोरिदम नाही.

हे झालं "इथून कसं". आता दुसरा प्रश्न, खरं की खोटं.

कॅमेऱ्यातून जे निघतं ते बघून कोणीही निराश होईल. करडा चौकोन, थोडे पांढरे ठिपके, कोपऱ्यांत काळोखी, मध्ये धुळीची वर्तुळं, आणि एखादी तिरकी पांढरी रेघ. ती रेघ विमानाची. डिसेंबर २०२५ मध्ये आपलं नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यावर आता दोन विमानतळांचा विचार करावा लागतो. यातून चित्र काढायचं तर प्रोसेसिंगला पर्याय नाही. झाकण लावून तेवढ्याच वेळाच्या, तेवढ्याच तापमानाच्या फ्रेम्स घ्यायच्या, त्यात फक्त सेन्सरची स्वतःची गडबड येते, ती वजा करायची. एकसारख्या उजळलेल्या पांढऱ्या पडद्याच्या फ्रेम्स घ्यायच्या, त्यात धूळ आणि कोपऱ्यांची काळोखी येते, तिने भागायचं. सगळ्या फ्रेम्स ताऱ्यांवर जुळवून एकावर एक ठेवल्या की प्रत्येक पिक्सेलला शंभर साक्षीदार मिळतात. ९९ जण म्हणतात अंधार आणि एक म्हणतो झगझगीत, तर तो एक म्हणजे विमान, त्याची साक्ष बाद. मग शहराच्या उजेडाचा उतार काढायचा, आणि शेवटी 'स्ट्रेच', म्हणजे अंधारातले बारीक फरक डोळ्याला कळतील इतके ताणायचे. सिरिलसारखं सॉफ्टवेअर हे सगळं फुकटात करतं.

यात खोटं काय आहे? माझ्या मते काहीच नाही. आकाशाचं नाही असं आपल्याला माहीत आहे, तेवढं काढलं. उरलेल्याला सगळीकडे एकच नियम लावला.

रंगांचं म्हणाल तर गंमत अशी की "जवळ जाऊन बघितलं तर कसा दिसेल" हा प्रश्न आपण समजतो तितका सोपा नाही. जवळ गेलं की तेजोमेघ मोठा दिसतो, पण उजळ दिसत नाही. त्याचा प्रकाश जितका वाढतो तितकाच तो जास्त जागेवर पसरतो. आणि इतक्या मंद उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळतच नाहीत. म्हणजे अंतराळयानाच्या खिडकीतूनही रोझेट राखाडीच दिसला असता. तरी लाल रंग तिथे आहे, ६५६.३ नॅनोमीटर काही मी शोधून काढलेला नाही. मी एच-अल्फाला लाल देतो आणि ओ-थ्रीला हिरवट निळा, म्हणजे निसर्गाच्या जवळपास. १९९५ मधल्या हबलच्या प्रसिद्ध 'पिलर्स ऑफ क्रिएशन' मध्ये गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला होता. तेही खोटं नाही, नकाशात उंचीप्रमाणे रंग भरतात तसं आहे. फक्त नकाशाची सूची सोबत द्यायला हवी.

या ओ-थ्री रेषेचं आपल्या पुण्याशी जुनं नातं आहे, ते किती जणांना माहीत असेल कोण जाणे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये (म्हणजे आजचं सीओईपी) कावसजी दादाभाई नायगमवाला नावाचे प्राध्यापक होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून तिथे महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली, १८८८ मध्ये ती सुरू झाली. त्या काळात तेजोमेघांच्या वर्णपटातली ही हिरवट रेषा म्हणजे मोठं कोडं होतं. नॉर्मन लॉकयर यांचं म्हणणं असं की ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा उरलेला अंश आहे. तसं असेल तर तिला एका बाजूला धार हवी आणि दुसऱ्या बाजूला ती विरत जायला हवी. लॉकयर म्हणजे बडं प्रस्थ, 'नेचर' चे संस्थापक संपादक, हेलियमच्या शोधाशी जोडलेलं नाव. (ते आपल्या विजयदुर्गला आले ते १८९८ च्या ग्रहणाला. हेलियमची रेषा त्यांनी १८६८ मध्ये बघितली ती इंग्लंडमधून. असो.) नायगमवालांनी मृगातल्या तेजोमेघाचा वर्णपट तपासला आणि १८९१ मध्ये लिहिलं की रेषा बारीक आणि धारदार आहे. म्हणजे लॉकयर यांच्या विरुद्ध.

ती रेषा कसली, हे नायगमवालांनाही माहीत नव्हतं, तेव्हा कोणालाच नव्हतं. 'नेब्युलियम' नावाचं एक काल्पनिक मूलद्रव्यही चर्चेत होतं. उत्तर १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दिलं. साधा ऑक्सिजनच तो, पण इतका विरळ की प्रयोगशाळेत तसा बनवता येत नाही. नायगमवालांनी एवढंच केलं, जे दिसलं ते लिहिलं. त्यांच्या निवृत्तीनंतर १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली, उपकरणं कोडाईकनालला गेली. पण आपली हौशी मंडळी ज्या रेषेचा फिल्टर लावून बसतात, तिच्याबद्दल पुण्यातल्या एका माणसाने सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी प्रामाणिक उत्तर दिलं होतं, हे मला गच्चीवर बसल्यावर आठवतं.

आठवायला कारणही आहे. गेल्या काही वर्षांत न्यूरल नेटवर्कवर चालणारी टूल्स आली. गोंगाट काढणारी, तारे बारीक करणारी. कामाची आहेत, मीही वापरतो. पण त्यांना हजारो सुंदर तेजोमेघ दाखवून शिकवलेलं असतं, त्यामुळे डेटा कमी पडला की ती अंदाजाने भरतात. मागच्या थंडीत रोझेटच्या कडेला एक सुरेख तंतू उमटला. ऑफिसातल्या मित्राला तोच फोटो मोठा करून हॉलमध्ये लावायचा होता. मी माझी नेहमीची टेस्ट चालवली. फ्रेम्सचे दोन भाग करायचे, सम आणि विषम, आणि दोन्ही वेगवेगळे प्रोसेस करायचे. आकाशातली गोष्ट असेल तर दोन्हींत दिसेल. तंतू एकातच होता. मित्राला तंतू नसलेला, जरा फिका फोटो मिळाला. "आधीचा भारी होता यार," हे ऐकून घ्यावं लागलं.

एवढा आग्रह कशाला, कोण तपासणार आहे? असं वाटू शकतं. पण जानेवारी २००४ मध्ये अमेरिकेतल्या जे मॅकनील यांनी घरून, फक्त ३ इंची दुर्बिणीने, मृगातल्या एम-७८ चा फोटो काढला आणि त्यात एक डाग दिसला जो आधीच्या नकाशांत नव्हता. नव्याने उजळलेला तो तेजोमेघ आज त्यांच्या नावाने ओळखतात. २०२२ मध्ये तर देवयानी दीर्घिकेच्या शेजारी ओ-थ्रीची एक भलीमोठी कमान सापडली, तीही हौशी लोकांना, शंभरेक तासांचे एक्स्पोजर एकत्र केल्यावर. आकाशातली सर्वात जास्त फोटो काढली गेलेली दीर्घिका, आणि कोणी तिथे या फिल्टरने इतका वेळ बघितलंच नव्हतं. अशा वेळी पहिला प्रश्न एकच असतो, हे खरंच आकाशात आहे का? ज्याने आधीच्या शंभर फोटोंत शोभेसाठी तंतू ठेवले, त्याच्याकडे या प्रश्नाला उत्तर नसतं.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर लगेच दुर्बीण घेऊ नका. पावसाळा संपला की अमावस्येच्या आसपासच्या शनिवारी कर्जत लाईनवरच्या वांगणीला जा. मुंबईच्या खगोल मंडळाचे रात्रभराचे कार्यक्रम तिथे वर्षानुवर्षं होत आलेत. पुणेकरांसाठी ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ पासूनची. तिथे मृगाच्या तलवारीतला तो धुरकट ठिपका नुसत्या डोळ्यांनी बघा. आणि परत आल्यावर तुमच्या सोसायटीच्या गच्चीवरचा रात्रभर वर तोंड करून जळणारा हॅलोजन जमिनीकडे वळवता येतो का, ते सेक्रेटरींना विचारा. आमच्याकडे दोन मीटिंगनंतर वळला. फ्लॅट फ्रेम्समध्ये फरक पडला नाही, पण तिसऱ्या मजल्यावरच्या पोरांना आता गच्चीवरून कृत्तिका दिसतात. मोजायला सांगितलं तर पाच म्हणतात, एक जण हट्टाने सहा. त्या सहाव्याला म्हटलं, दोनदा वेगवेगळ्या रात्री मोज, मग लिहून ठेव.